कळमेश्वरच्या बाईची पाठराखीण

नव्या नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जाते ती पाठराखीण. त्या घरात पाण्याचा माठ कुठे, न्हाणीघर कुठे, कोणाशी जपून बोलायचं, हे नवरीच्या कानात सांगते आणि थोड्या दिवसांनी आपल्या घरी परत जाते. आमच्या मंचाने हा शब्द उचलला होता. गच्चीवर भाज्या-फुलं लावणाऱ्या मराठी माणसांचा इंटरनेटवरचा मंच. कोणी नवीन आलं की जुन्यांपैकी एक जण त्याची पाठराखीण व्हायची. तो एक जण पुरुष असला तरी त्याला पाठराखीणच म्हणायचं, आणि त्यावरून भरपूर चेष्टा चालायची. नवीन माणसाचे बाळबोध प्रश्न तिने झेलायचे. 'आधी जुने धागे वाचा' म्हणत अंगावर येणाऱ्यांना तिने थोपवायचं. त्या माणसाची पहिली मिरची, पहिलं फूल आलं की फोटो तिने सगळ्यांना कौतुकाने दाखवायचा. मग नवीन माणूस घरचा झाला असं धरायचं.

माझी पाठराखीण पुण्याच्या एक ताई होत्या. मी मंचावर आले ते रडतच आले होते म्हणा. पहिल्याच मे महिन्यात माझी सगळी रोपं गेली होती. दिवसातून तीनदा पाणी घालूनही रोपं मरतात, असं मी लिहिलं. एका जुन्याने सांगितलं, पाणी जास्त होतंय, मुळं कुजली. दुसऱ्याने सांगितलं, नागपुरात राहता तर निवडुंग लावा. त्यावर बाकीच्यांनी हसून घेतलं. ताईंनी एकच प्रश्न विचारला: ते पाणी येतं कुठून, आणि हात लावून पाहिलंस का त्याला? मी भरदुपारी वर गेले, गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला आणि हात मागे घेतला. त्या पाण्यात चहा झाला असता. मी माझी रोपं तीनदा उकडत होते आणि वर हळहळत होते. ताईंनी कधी नागपूर पाहिलं नव्हतं, तरी नेमकं तेच विचारलं होतं. त्या दिवसापासून ताई म्हणतील ते प्रमाण.

पुढे मीही जुनी झाले. एका शाळेच्या कार्यालयात माझी कारकुनी, घर वरच्या मजल्यावर, खाली घरमालकीण काकू. नवरा कोराडीच्या वीज केंद्रात, शिफ्टची नोकरी. त्याला माझ्या बागेचा मनस्वी कंटाळा. जिन्यात माती दिसली की त्याचं सुरू व्हायचं: "बजारात भाजी भेटत नाही काहून? घराचं वावर करून टाकलं." मी हे मंचावर लिहायची आणि लोक लोटपोट व्हायचे. माझ्या टमाट्यांपेक्षा त्याची बोलणीच जास्त वाचली जायची. वांग्याचा फोटो टाकला की खाली लगेच विचारणा, 'यावर तुमचे हे काय म्हणाले?' एका पावसाळ्यात तर सगळ्यांनी हट्ट धरला आणि मी त्यांची नागपुरी बोलीची शिकवणीच घेतली. ताई सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. 'मले', 'तुले', 'काहून', 'करून राहिली', सगळं त्यांनी चटकन उचललं.

मग एका दिवाळीनंतर नवरा बॅग घेऊन निघून गेला. याच शहरात, दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या बाईकडे. आईला मी सांगितलं. काकूंनी बॅग जाताना पाहिलीच होती. मंचावर मात्र मी काही बोलले नाही. दोनतीन दिवसांनी कोणीतरी मेथीच्या फोटोखाली विचारलं, 'तुमचे हे काय म्हणाले?' तो काय म्हणाला असता ते मला पाठच होतं. मी लिहून टाकलं. लोक हसले. पुढच्या फोटोलाही लिहिलं. मग थांबायचं कसं तेच कळेना. खरं सांगायचं तर मला थांबायचं नव्हतं. ड्युटी संपवून तो अजून घरी यायचा अशी जगात ती एकच जागा उरली होती.

असं बरेच दिवस चालल्यावर एका उन्हाळ्यात कळमेश्वरची बाई आली. तिचा पहिला प्रश्न मला अजून शब्दन् शब्द आठवतो: 'मी कळमेश्वरची. मिरचीचे पानं आकसून राहिले. मले काही समजून नाही राहिलं. असं काहून होते?' मी मोठ्याने हसले, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. मंचावर सगळे इस्त्री केलेली मराठी लिहायचे, मीसुद्धा. तिथे ही बाई घरच्या गाऊनवर थेट दिवाणखान्यात आल्यासारखी आली होती. कोणी काही म्हणायच्या आत मी लिहिलं, 'हिची पाठराखीण मी.' ताईंनी खाली हसरा चेहरा टाकला.

मंचावर खासगी निरोप पाठवायची सोय होती. आमचं बोलणं तिकडे सरकलं. तिचा नवरा तिथल्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात, सासू कडक, मैत्रीण कोणी नाही. तिला ताक शिंपडायला सांगितलं, हिरवी जाळी कशी बांधायची ते फोटो काढून दाखवलं. कळमेश्वर म्हणजे बस पकडली की आलंच. मी म्हटलं, एखाद्या रविवारी रोपं घेऊन येते, पत्ता दे. ती म्हणाली, 'पत्ता नोका मागू ताई. सासूले चालत नाही.' मी सासवा पाहिलेल्या आहेत. पुन्हा विचारलं नाही.

एकदा तिने लिहिलं: 'दुपारी कूलर खोलीच्या मधोमध ओढून घेते, दारं-खिडक्या लावून घेते, अन् तुमचं लिहिलेलं वाचत बसते.' मी जरा थबकले. आमच्याकडे कूलर खिडकीबाहेर असतो, लोखंडी स्टँडवर. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत ओढतो, आणि समोरचं दार थोडं उघडं ठेवावं लागतं. दारं लावून कूलर चालवला तर खोलीत चिकचिक होते, आणि हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण मी मनातल्या मनात तिची बाजू घेतली. भाड्याची खोली असेल, खिडकी धड नसेल, बिचारी काय करणार. पाठराखिणीने संशय घ्यायचा नसतो.

काकूंना मी तिच्याबद्दल सांगायची. त्या एकदा म्हणाल्या, "पाहिली नाही, भेटली नाही, इतका जीव काहून टाकतं वं तू तिच्यावर?"

"माझ्यासारखी बोलते, काकू."

"माझ्यासारखी बोलते म्हणे. मी काय विंग्रजीत बोलतो का तुह्याशी?" काकू म्हणाल्या आणि मेथी निवडत राहिल्या.

मग एक दिवस तिचा निरोप आला. 'ताई, आमच्या घरी माणूस असून नसल्यासारखा. येते, जेवते, भिंतीकडे तोंड करून झोपते. तुमचे हे किती बोलतात तुमच्याशी. नशीबवान आहा तुम्ही.'

रविवारची दुपार होती. ते नशीबवान वाचून मला बसवेना. मी तिला सगळं लिहिलं. बॅग, दिवाळी, ती दुसरी बाई. त्याचे बूट मी अजून दाराशीच ठेवते, कारण जोडी उचलली तर जागा रिकामी दिसेल. मंचावर तो जे बोलतो ते मीच बोलते. आणि शेवटी लिहिलं, हे तिकडे कोणाला माहीत नाही, पोटात ठेव. थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं: 'मेली तरी नाही सांगणार ताई.' मला इतकं हलकं वाटलं की मी उठून वरणभाताचा कुकर लावला. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

त्या हिवाळ्यात पुण्याच्या ताई आणि मंचावरच्या आणखी दोघी एका लग्नासाठी नागपूरला येणार होत्या. तुझी गच्ची पाहिल्याशिवाय जाणार नाही, असं तिघींनी मंचावर जाहीर केलं. मी हरखले. मी कळमेश्वरच्या बाईलाही बोलावलं. ती म्हणाली, जमणार नाही. तिच्यासाठी पावसाळ्यात मोगऱ्याची फांदी लावून ठेवली होती. ती छान धरली होती. कुंडी पुसून टाकीजवळ वेगळी ठेवली, कोणाच्या हाती कळमेश्वरला पाठवता येईल या आशेने.

पाहुण्या यायच्या दिवशी मी नवऱ्याच्या बुटांना पॉलिश केलं. 'हे शिफ्टला गेलेत' हे वाक्य आंघोळ करताना म्हणून पाहिलं. मंचावर त्या कितीदा म्हणाल्या होत्या, नागपूरला आलो की आधी तुमच्या ह्यांना भेटू, मग वांग्यांना. त्यामुळे दारातच विचारतील याची मला खात्री होती.

दारात कोणी विचारलं नाही. तिघी आल्या, जिन्यातल्या कुंड्यांचं कौतुक केलं, गच्ची पाहिली, दोडक्याच्या वेलाखाली फोटो काढले. ताईंनी मला जवळ घेतलं तेव्हा खरोखर माहेरचं माणूस आल्यासारखं वाटलं. खाली आलो. मी गच्चीवरच्या कोथिंबिरीच्या गरम सांबारवड्या पुढे केल्या. वांग्यांची चौकशी झाली, काकूंची झाली, शाळेतल्या नोकरीचीही झाली. नवऱ्याचं नाव नाही. त्यांच्यातल्या एकीची नजर दाराशी बुटांवर गेली. तिथून ती ताईंकडे गेली आणि लगेच ताटलीत पडली. 

तेवढ्यात ताईंना खिडकीत प्लास्टिकने गुंडाळलेला कूलर दिसला. "अगं, हा बाहेर का टांगलाय? पाणी भरायला किती त्रास," त्या म्हणाल्या. "आम्ही आपला उन्हाळ्यात खोलीच्या मधोमध ओढून घेतो. दारं-खिडक्या लावून घेतो."

माझ्या हातात वड्यांची ताटली होती. ती मी खाली ठेवली. हे वाक्य मी वाचलेलं होतं, याच क्रमाने. तरीही कळून घ्यायची माझी तयारी नव्हती. मी ठरवल्याप्रमाणे म्हटलं, "हे आज शिफ्टला गेलेत. भेट नाही व्हायची."

दोघी फरशी पाहू लागल्या. ताईंनी माझा हात हातात घेतला. "राहू दे गं," त्या इतक्या मायेने म्हणाल्या, "आमच्यापुढे कशाला?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कळतं गं. तुझ्या लिहिण्यावरून कळतं."

"लिहिण्यात तर ते रोज घरी येतात," मी म्हटलं.

ताईंनी माझा हात आणखी घट्ट धरला. मग त्यांच्यातली सर्वांत लहान होती ती घाईघाईने बोलली. तिला गप्प राहणं झेपलं नसावं. "आम्हाला काळजी वाटत होती हो. तुम्ही नुसतं हसवत होतात, पण त्यात काहीतरी बिनसलं होतं. ताई म्हणाल्या, ही आपल्याला कधी सांगायची नाही. तिच्या भागातली कोणी असेल तर तिला सांगेल."

"म्हणून कळमेश्वर."

"नकाशात पाहिलं," ताई हळूच म्हणाल्या. "वाईट हेतू नव्हता गं."

"तिघी मिळून लिहायचात?"

"लिहायचे मीच. या दोघी वाचायच्या."

आमच्या मंचावर दुसऱ्या नावाने येणं हा जुन्यांचा खेळच होता. एकदा एक गृहस्थ खेड्यातली आजी होऊन आले होते आणि त्यांनी सगळ्यांना पापड वाळवायला लावले होते. पकडले गेले तेव्हा मीही हसले होते. पण ते भर अंगणात, सगळ्यांच्या देखत. हे दार लावून झालं होतं. माझ्याकडून उचललेल्या बोलीचा गळ करून मलाच टाकला, आणि मी आनंदाने गिळला. काळजी होती तर सरळ विचारायचं होतं. मी नसतं सांगितलं. न सांगायचं हा माझा हक्क होता. तो त्यांनी माझ्या नकळत काढून घेतला, आणि वर मायेने माझा हात धरून बसल्या होत्या. केसाने गळा कापणं मी फक्त ऐकून होते, ते असं गोड बोलत कापतात हे त्या दिवशी कळलं. आणि सगळ्यांत मनाला लागलं ते हे, की 'मेली तरी नाही सांगणार' वाचताना शेजारी आणखी दोघी बसल्या होत्या.

मी त्यांना घालवून दिलं नाही. भांडता आलं असतं तर बरं झालं असतं, पण पाहुण्यांशी भांडायची आम्हाला सवय नाही. चहा केला, संत्री सोलून दिली. ताई दोनदा काही बोलू पाहत होत्या. मी दोन्ही वेळा साखर विचारली. निघताना मी वर जाऊन टाकीजवळची मोगऱ्याची कुंडी आणली आणि त्यांच्या हातात दिली.

"ही कळमेश्वरच्या बाईची," मी म्हटलं. "तेवढी तिला द्या."

ताईंचा चेहरा पडला, पण कुंडी त्यांनी घेतली. न घेऊन करतात काय. जिन्यावरून उतरताना ती त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, माती सांडू नये म्हणून.

त्या गेल्यावर काकू वर आल्या. "गेल्या का वं पाहुण्या? अन् तोंड काहून असं झालं तुहं?"

मला सगळं सांगायचं त्राण नव्हतं. दुसरा आयडी वगैरे काकूंना समजवायचं म्हणजे संध्याकाळ गेली असती. मी म्हटलं, "कळमेश्वरची गेली, काकू."

"मेली?"

मी हो म्हणून मान हलवली. तेव्हा कुठे मला रडू फुटलं. काकू शेजारी बसल्या, पाठीवर हात फिरवत राहिल्या, कोणाकोणाची असते बाई तेवढीच सोबत, असं काहीतरी पुटपुटल्या. मग खाली गेल्या आणि दिवेलागणीला झाकलेलं ताट घेऊन पुन्हा आल्या. पिठलं आणि भात. कोणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो, तसा तो आला होता. मी तो खाल्ला. जिची मी पाठराखीण होते तिच्यासाठी एवढं तरी करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ताईंचा लांबलचक निरोप आला. तो मी उघडला नाही. 'आमचे हे' मंचावर पुन्हा कधी बोलले नाहीत. कोणी विचारलंही नाही, यावरून आणखी किती जणांना माहीत झालं होतं त्याचा मी काय तो अंदाज बांधला. कळमेश्वरची बाईही पुन्हा आली नाही. बूट मी भंगारवाल्याला दिले. जागा रिकामी दिसते, पण दिसू दे.

मंचावर मी अजून जाते, नुसती वाचते. यंदाच्या उन्हाळ्यात इकडच्याच खाप्याहून एक बाई आली. 'चवळीले फुलं लय येऊन राहिले, पण शेंगा धरून नाही राहिल्या. काहून होत असन?' तिच्या प्रश्नाखाली कोणी काही लिहीना. नागपूरकडची म्हणजे माझीच, असं धरून सगळे माझी वाट पाहत होते. उत्तर मला येत होतं. त्या उन्हात चवळीची फुलं गळतात. दुपारपुरती जाळी ओढली, सकाळी लवकर पाणी दिलं की शेंग धरते. एका ओळीचं काम होतं. मी लिहिलं: 'तुमच्या घरी कूलर कुठे ठेवता?'

तिने लगेच उत्तर दिलं. 'खिडकीत. अजून कुठं राहते कूलर? पण चवळीचं सांगा ना ताई.'

ती खाप्याचीच होती. माझ्यासारखं बोलणारी, खरीखुरी. 'ताई' वाचलं आणि माझी बोटं थांबली ती थांबलीच. दोन दिवसांनी तिने पुन्हा एकदा विचारलं, 'ताई, आहा का?' त्यानंतर ती दिसली नाही. चवळीचा प्रश्न अजून तिथेच आहे, आणि त्याच्याखाली शेवटचं उत्तर म्हणून माझा कूलर.